हरित अब्जांश पदार्थ व रंजकयुक्त सांडपाणी

वनस्पतींची पाने, फळे, साल यांचे अर्क किंवा कवक व सूक्ष्मजंतू यांच्या साहाय्याने तयार केलेल्या, १ ते १०० नॅनोमीटर आकारमानाच्या धातूंच्या व धातूंच्या ऑक्साइडांच्या कणांना हरित अब्जांश पदार्थ असे म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग होय. कापडाच्या रंगाईतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यातील रंजकद्रव्यांचे विघटन करणे हा या पदार्थांचा एक महत्त्वाचा संभाव्य उपयोग असून त्यावर भारतात व इतरत्र पुष्कळ संशोधन झाले आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेच्या खोऱ्यात विशेष ठळकपणे दिसतो. या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, शाहूवाडी तालुक्यात, या तंत्राला उपयुक्त अशी वनसंपत्ती आहे, तर खालच्या भागात इचलकरंजीसारखे वस्त्रोद्योगाचे केंद्र आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, सह्याद्रीच्या माथ्यालगतचा, भरपूर पावसाचा तालुका आहे. विशाळगड व आंबा घाट याच तालुक्यात असून कासारी नदी विशाळगडाजवळील गजापूरच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर गेळवडे येथे धरण बांधलेले आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचा प्रवाह प्रयाग चिखली येथून पंचगंगा या नावाने ओळखला जातो. पंचगंगा पुढे कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांजवळून वाहत जाऊन शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) येथे कृष्णेस मिळते. उगमाकडचे पाणी रंगहीन असते. वाटेत नागरी मैलापाणी, कारखान्यांचे सांडपाणी व शेतीतून निचरून येणारी रसायने यांची त्यात भर पडते. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांच्या दृष्टीने ही भर केवळ सौंदर्यहानीची बाब नसून पिण्याच्या व शेतीच्या पाण्याचा प्रश्न आहे.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला आणि तेथील जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने हा व्यवसाय वाढला. विणकामाबरोबर सुताला खळ देणे (सायझिंग), विरंजन, रंगाई व छपाई हे पूरक उद्योगही वाढले. या उद्योगांच्या सांडपाण्यावरील उपचारासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय झाली असली, तरी शहरातील घरगुती व औद्योगिक सांडपाणी वाहून नेणारा काळा ओढा आपल्या नावातूनच या प्रश्नाची साक्ष देतो.

रंजकद्रव्यांचे स्वरूप : विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये मॉव्ह हे संश्लेषित रंजक तयार केले. पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये डायाझो संयुगांचा शोध लावल्यावर ॲझो रंजकांचा मार्ग खुला झाला. ॲझो रंजकांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. हाच त्याचा वर्णधारक गट होय. आज वापरात असलेल्या रंजकांपैकी निम्म्याहून अधिक रंजके या वर्गात मोडतात. सुती कापडासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी विक्रियाशील रंजके १९५६ मध्ये बाजारात आली. ती तंतूतील सेल्युलोजाशी रासायनिक बंधाने जोडली जात असल्यामुळे रंग पक्का बसतो. परंतु त्याच वेळी रंजकाचा काही भाग पाण्याशीच विक्रिया पावून निकामी होतो व धुण्याबरोबर वाहून जातो. हे प्रमाण रंजकाच्या प्रकारानुसार सु. १० ते ४० टक्के असते. १ किग्रॅ. कापडाच्या ओल्या प्रक्रियांना सु. १०० लि. किंवा त्याहून अधिक पाणी लागत असल्याने असे सांडपाणी मोठ्या प्रमाणावर निर्माण होते.

रंजके प्रकाश, धुणे व घाम यांना टिकावीत अशाच हेतूने बनविलेली असतात. वस्त्रातील हा गुण पाण्यात मात्र दोष ठरतो. सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने चालणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेत त्यांचे विघटन अपुरे होते. दर लिटरला १ मिग्रॅ. इतक्या अल्प प्रमाणातही काही रंजके डोळ्यांना दिसतात. रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, त्यामुळे जलवनस्पती व शैवले यांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन घटतो. शिवाय काही ॲझो रंजकांचा बंध तुटल्यावर कर्करोगकारक ॲमिने मुक्त होतात. पॉल ब्योटिगर यांनी १८८३ मध्ये शोधलेल्या काँगो रेड या रंजकापासून बेंझिडीन हे असेच द्रव्य बनते. अशा कारणांमुळे भारतात १९९७ मध्ये ७० ॲझो रंजकांच्या हाताळणीवर बंदी घालण्यात आली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी जाहीर केलेल्या मानकांत रंगासाठी १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके, जैव रासायनिक ऑक्सिजन मागणीसाठी दर लि.ला ३० मिग्रॅ. आणि रासायनिक ऑक्सिजन मागणीसाठी दर लि.ला २५० मिग्रॅ. अशा मर्यादा आहेत.

अब्जांश कणांचे वैशिष्ट्य : घन पदार्थाचे तुकडे जितके लहान, तितके त्याचे एकूण पृष्ठफळ अधिक असते. १ सेंमी. बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वस्तुमान तेवढेच राहून एकूण पृष्ठफळ ६०० चौ. मी. होते. उत्प्रेरणाची विक्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने या वाढीला महत्त्व आहे. कणांचे प्रकाशीय गुणधर्मही आकारमानानुसार बदलतात. उदा., चांदीच्या अब्जांश कणांचा विद्राव पिवळसर तपकिरी, तर सोन्याच्या कणांचा माणकासारखा लाल दिसतो. मायकेल फॅराडे यांनी सोन्याच्या अशा कलिल विद्रावाचे वर्णन १८५७ मध्ये केले होते.

हरित संश्लेषण : धातूच्या लवणापासून अब्जांश कण मिळविण्याच्या रूढ पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझीन यांसारखी तीव्र क्षपणकारके (ऑक्सिजन कमी करणारी वा इलेक्ट्रॉन देणारी द्रव्ये) व कण एकत्र गोळा होऊ नयेत म्हणून संश्लेषित स्थिरकारके वापरतात. यांपैकी अनेक द्रव्ये विषारी आहेत. पॉल अनास्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडल्यानंतर या द्रव्यांना पर्याय शोधण्यास चालना मिळाली.

या क्षेत्रातील आरंभीच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. तेथे मुरली शास्त्री, अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या कवकाच्या साहाय्याने सोन्याचे व चांदीचे अब्जांश कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर याच गटाने जिरेनियमची पाने, कडुनिंबाची पाने व गवती चहा यांच्या अर्कांचा उपयोग करून दाखविला. कडुनिंबाच्या व गवती चहाच्या अर्कांवरील त्यांचे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कवकाला लागणारा दीर्घ काळ वनस्पतींच्या अर्कात लागत नाही. विक्रिया पुष्कळदा काही तासांत किंवा मिनिटांत पुरी होते.

अर्कातील पॉलिफिनॉले, टॅनिने, फ्लॅव्होनॉइडे, शर्करा व प्रथिने ही द्रव्ये एकाच वेळी दोन कामे करतात. ती धातूच्या आयनाला (विद्युत् भारित अणूला) इलेक्ट्रॉन देऊन त्याचे क्षपण करतात आणि तयार झालेल्या कणावर वेष्टन बनवून त्याला स्थिर ठेवतात. जस्ताच्या ऑक्साइडासारखे कण बनविताना मात्र अर्काचे काम निराळे असते. तेथे जस्ताचे आयन अर्कातील द्रव्यांशी जटिल संयुगे बनवितात व नंतर ती सु. ४०० ते ५००° से. तापमानास भाजल्यावर सेंद्रिय भाग जळून जाऊन ऑक्साइडाचे कण मागे राहतात.

हिरडा व रंगाई : शाहूवाडी, पन्हाळा, भुदरगड इ. तालुक्यांच्या जंगलांत हिरड्याचे वृक्ष आढळतात आणि त्यांची फळे गोळा करणे हे तेथील गौण वनोत्पादनांशी निगडित असे जुने काम आहे. टर्मिनॅलिया चेब्यूला या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या फळांत सु. ३० टक्के टॅनीन असते. त्यात चेब्युलिनिक, चेब्युलॅजिक, गॅलिक व एलॅजिक ही अम्ले असतात. कातडी कमाविणे व कापड रंगविणे या दोन्हींसाठी हिरडा पूर्वापार वापरात आहे. वनस्पतिज रंगाईत सुती कापड आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवीत व नंतर तुरटीत घालीत. टॅनिनामुळे तुरटीतील ॲल्युमिनियम तंतूवर धरले जाई व रंग पक्का बसे. हिरडा व हिराकस (फेरस सल्फेट) एकत्र आल्यास निळसर काळा रंग तयार होतो. काळी शाई व काळे कापड यांसाठी हीच विक्रिया उपयोगात आणीत.

ज्या टॅनिनामुळे हिरडा रंग बसविण्यास उपयोगी पडतो, त्याच्याच क्षपणक्षमतेमुळे तो अब्जांश कण बनविण्यासही उपयोगी पडतो. एडिसन व सेतुरामन यांनी २०१२ मध्ये हिरड्याच्या फळांच्या अर्कापासून चांदीचे अब्जांश कण बनवून मेथिलीन ब्लू या रंजकाच्या क्षपणासाठी त्यांचा उत्प्रेरक म्हणून उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. हिरड्याच्या अर्काने लोखंडाचे व पॅलॅडियमाचे कण बनविल्याचेही वृत्तांत आहेत. सह्याद्रीच्या जंगलांतील जांभूळ व अंजनी या वृक्षांच्या पानांचे अर्कही अशा संश्लेषणासाठी वापरून पाहण्यात आले आहेत.

रंजक नष्ट होण्याचे मार्ग : हरित अब्जांश पदार्थ मुख्यत्वे तीन प्रकारे कार्य करतात.

(१) प्रकाश-उत्प्रेरण : टिटॅनियम डाय-ऑक्साइड व जस्ताचे ऑक्साइड हे अर्धसंवाहक आहेत. त्यांच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की, संयुजा पट्टातील इलेक्ट्रॉन संवहन पट्टात जातो आणि मागे धन विद्युत् भारित पोकळी उरते. पोकळीची पाण्याशी विक्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होते, तर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाशी संयोग पावून सुपरऑक्साइड बनवितो. हायड्रॉक्सिल मूलक अत्यंत तीव्र ऑक्सिडीकारक असून ते रंजकाच्या रेणूचे टप्प्याटप्प्याने तुकडे करते. विक्रिया पूर्णत्वास गेल्यास कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी आणि नायट्रेट, सल्फेट यांसारखी अकार्बनी द्रव्ये उरतात. याला खनिजीभवन म्हणतात. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होते असे दाखविले, तेव्हापासून या विषयाला गती मिळाली. ॲनॅटेज या प्रकारच्या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाला ३·२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश लागतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात याचे प्रमाण सु. ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्याने दृश्य प्रकाशात कार्यक्षम ठरतील अशी संमिश्रणे शोधली जात आहेत.

(२) लोहाधिष्ठित विक्रिया : लोहाचे आयन व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाचा ऑक्सिडीकारक गुण एच्. जे. एच्. फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केला. या विक्रियेतही हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. हिरव्या चहाच्या अर्कापासून बनविलेले लोहाचे कण व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी ब्रोमोथायमॉल ब्लू या रंजकाचे विघटन झाल्याचे २००९ मध्ये दाखविण्यात आले. ही विक्रिया अम्लीय पाण्यात, सु. ३ पीएच मूल्यास, सर्वांत चांगली चालते.

(३) उत्प्रेरित क्षपण : चांदी किंवा सोने यांचे कण सोडियम बोरोहायड्राइडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन रंजकाला देतात व रंग काही मिनिटांत नाहीसा होतो.

यांखेरीज अधिशोषण, म्हणजे रंजकाचे रेणू कणाच्या पृष्ठभागाला नुसते चिकटणे, हीही क्रिया घडते. तीत रंजक नष्ट होत नाही, केवळ जागा बदलते.

रंग जाणे व पाणी शुद्ध होणे : या विषयात हा भेद कळीचा आहे. प्रयोगशाळेत रंजकाचे प्रमाण बहुधा प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. मेथिलीन ब्लू सु. ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. हे शोषण घटले म्हणजे रंजक कमी झाला असे मानतात. परंतु मेथिलीन ब्लूचे क्षपण झाले असता तो ल्यूको या रंगहीन रूपात जातो आणि हवेतील ऑक्सिजनाने पुन्हा निळा होऊ शकतो. म्हणजे येथे विघटन झालेलेच नसते. ॲझो रंजकाच्या बाबतीत नायट्रोजनांमधील बंध तुटताच रंग जातो, पण त्यातून उरणारी ॲरोमॅटिक ॲमिने मूळ रंजकापेक्षा अधिक घातक असू शकतात. त्यामुळे रंगाबरोबरच एकूण सेंद्रिय कार्बन व रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजणे आणि मासे, पाणपिसू व उगवणारे बी यांवर उपचारित पाण्याचा परिणाम तपासणे आवश्यक ठरते. नदीकाठच्या गावाला रंगहीन पण विषारी पाणी मिळणे हे रंगीत पाण्याहून अधिक धोक्याचे आहे. कारण रंग निदान इशारा तरी देतो.

विघटनाचा वेगही लक्षात घ्यावा लागतो. या विक्रिया पुष्कळदा प्रथम कोटीच्या नियमाप्रमाणे चालतात. निम्मे रंजक ३० मिनिटांत नष्ट होत असेल, तर ९० टक्के नष्ट होण्यास सु. १०० मिनिटे व ९९ टक्क्यांस सु. २०० मिनिटे लागतात. शेवटचा अल्प अंश काढणे हेच सर्वांत वेळखाऊ असते.

‘हरित’ या विशेषणाची मर्यादा : अर्क वनस्पतीचा असला तरी चांदीचे नायट्रेट किंवा जस्ताचे नायट्रेट ही लवणे कारखान्यातच तयार होतात व कण भाजण्यासाठी इंधन खर्च होते. बोरोहायड्राइड टाळून कण बनवावेत आणि त्या कणांचा उपयोग करताना तेच द्रव्य पाण्यात घालावे, यात विसंगती आहे. चहा व हिरडा यांसारख्या अर्कांपासून मिळणारे लोहकण खरोखर धातुरूप असतात की काय, याबद्दलही मतभेद आहेत. पॉलिफिनॉलांची क्षपणक्षमता लोहाच्या आयनाचे धातूत रूपांतर करण्यास सामान्यतः अपुरी असते. हिरव्या चहापासून बनविलेले असे कण म्हणजे वस्तुतः लोह व पॉलिफिनॉल यांची जटिल संयुगे असून ती जलचरांना अपायकारक ठरू शकतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. जुन्या रंगाऱ्याच्या हिरडा-हिराकशीच्या काळ्या रंगाशी या संयुगांचे जवळचे नाते आहे.

कच्च्या मालाचाही विचार करावा लागतो. हिरड्याच्या संकलनावर वनवासी व डोंगराळ भागातील कुटुंबांची मिळकत काही अंशी अवलंबून असते. नव्या मागणीने त्यात भर पडू शकेल. तथापि अपक्व फळांची सरसकट तोड झाल्यास पुनरुत्पादन घटण्याचा धोका आहे. फळांतील टॅनिनाचे प्रमाण हंगाम, जमीन व पक्वता यांनुसार बदलत असल्याने प्रत्येक वेळी एकसारखे कण मिळविणे अवघड जाते. ही या तंत्राची एक प्रमुख औद्योगिक अडचण आहे.

प्रत्यक्ष वापरातील अडचणी : बहुतेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात एकच रंजक अल्प प्रमाणात मिसळून केलेले असतात. रंगाई कारखान्याच्या पाण्यात अनेक रंजकांबरोबर खळीतील स्टार्च, साबण, क्षार व सोडा असतो. विक्रियाशील रंजकांनी गडद छटा देताना दर लिटरला ५० ग्रॅ.पेक्षाही अधिक मीठ वापरावे लागते व पाणी तीव्र अल्कधर्मी असते. क्लोराइड व कार्बोनेट आयन हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच अडवितात आणि दाट रंगामुळे प्रकाश उत्प्रेरकापर्यंत पोहोचत नाही. मीठ तर या कोणत्याही विक्रियेने जात नाही. ते जमिनीत उतरल्यास तिची सुपीकता घटते.

दुसरी अडचण कण परत मिळविण्याची आहे. दिवसाला १० लाख लि. सांडपाणी एकाच वेळी घेऊन त्यात दर लिटरला १ ग्रॅ. उत्प्रेरक घातला, तर १,००० किग्रॅ. कण लागतील. त्यांपैकी केवळ १ टक्का निसटला, तरी दररोज १० किग्रॅ. कण नदीत जातील. चांदीचे व जस्ताचे आयन जलचरांना विषारी आहेत. यावर उपाय म्हणून कण काचेवर, मातीच्या गोळ्यांवर किंवा पटलावर पक्के बसवितात, अथवा मॅग्नेटाइटाशी जोडून चुंबकाने वेगळे करतात. असे केल्यास मुक्त पृष्ठफळ कमी होते, पण नदी सुरक्षित राहते.

उपचारपद्धतीतील स्थान : वरील कारणांमुळे अब्जांश पदार्थांकडे संपूर्ण उपचार म्हणून न पाहता अखेरचा टप्पा म्हणून पाहणे योग्य ठरते. प्रथम कारखान्यातच मीठ व रंजक यांचा वापर कमी करणे, नंतर गाळण व अवक्षेपण, त्यानंतर सूक्ष्मजंतूंची प्रक्रिया आणि शेवटी उरलेल्या अल्प रंजकासाठी स्थिर पृष्ठावरील प्रकाश-उत्प्रेरण असा क्रम सुचविता येतो. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) संजय गोविंदवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मजंतू व वनस्पती यांच्या साहाय्याने वस्त्रोद्योगातील रंजकांच्या विघटनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. बागेतील शोभेच्या वनस्पतींनी अशा सांडपाण्यातील रंजके कमी करता येतात, असे त्यांच्या गटाने दाखविले. ही पद्धत मंद व जागा व्यापणारी असली, तरी तीत नवे कण पाण्यात सोडावे लागत नाहीत. अब्जांश पदार्थांच्या कोणत्याही योजनेची तुलना अशा स्थानिक पर्यायांशी झाली पाहिजे.

पंचगंगेच्या सर्व प्रदूषणाचे कारण रंजके हे नव्हे, हेही ध्यानात ठेवणे जरूर आहे. इचलकरंजीत २०१२ मध्ये उद्भवलेली काविळीची साथ मैलापाण्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यामुळे पसरली होती. रंजके नष्ट करणारी प्रक्रिया हा तिच्यावरील उपाय नव्हे. मैलापाण्याचा बंदोबस्त, जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाची (१९७४) अंमलबजावणी व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख यांची जागा कोणताही उत्प्रेरक घेऊ शकत नाही. हरित अब्जांश पदार्थांचे मूल्य या व्यवस्थेला पूरक म्हणून आहे आणि ते रंग किती मिनिटांत गेला यावरून न ठरता, उपचारानंतरचे पाणी नदीत सोडल्यावर खालच्या गावांना ते निर्धोकपणे वापरता येते की नाही यावरून ठरते.